तीन नाकांची गाडी

अमेरिकेत मोटरहोम नावाचं एक प्रकरण असतं. स्वयंपाकघर, संडास, पलंग, गॅसची टाकी, पेट्रोलची टाकी आणि सासू-सून हे सगळं एकाच खोक्यात भरून ताशी 100 किलोमीटरने पळवतात. मुलाने यलोस्टोनला जायला असं एक घर भाड्याने घेतलं, तेव्हा बाकीची मंडळी पडदे न्याहाळत होती आणि मी विचारत होतो, आग लागली तर पळायचं कुठून?

"मागची खिडकी, बाबा. लाल मुठी फिरवायच्या आणि ढकलायचं."

खिडकी मी पाहिली. आराखडा काढणाऱ्याने पेन्शनरांचं पोट हिशेबात धरलेलं दिसत नव्हतं.

गाडीला तीन नाकं होती. धूर वर चढतो, म्हणून धुराचं नाक छताला. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, गळला की पायाशी साचतो, म्हणून त्याचं जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचं वजन जवळपास हवेइतकंच, तो सगळीकडे मिसळून जातो. त्याचं नाक झोपायच्या जागेजवळ. आमच्या घरी ही तिन्ही खाती एकच नाक सांभाळतं आणि ते सौ.च्या चेहऱ्यावर आहे. शेजारच्या विंगेत दूध करपलं तरी तिला कळतं. त्यामुळे या यंत्रांशी तिचं पहिल्यापासूनच वाकडं.

फोडणीत मिरची पडली, छत किंचाळलं. सूनबाईंनी केसांवर फवारा मारला, त्यातल्या अल्कोहोलच्या वाफेने जमीन किंचाळली. मग सौ.ने स्वतःच "गॅस सुटलाय!" अशी आरोळी ठोकून आम्हा सगळ्यांना खाली उतरवलं. निघाली हिंगाची डबी, झाकण उघडं राहिलेली. पण यात तिला दोष देता येणार नाही. प्रोपेनला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळतात, आणि ते गंधकाचं संयुग. हिंगाचा दर्पही गंधकाच्याच संयुगांचा. दोघं एकाच घराण्यातले.

तिसरं नाक मात्र गप्प. "हे कशाला लावलंय? एकदाही वाजलं नाही," सौ. म्हणाली. न बोलणाऱ्याला आमच्या घरात किंमत नाही, हे मला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

खरी धास्ती त्याच वायूची. रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. सुरुवातीला डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. आता ही तक्रार मराठी माणसाने गाडीत केली तर काय होईल? "गाडी लागली!" असा निकाल तिथल्या तिथे लागेल. तोंडात आवळासुपारी देतील, वारं लागू नये म्हणून खिडकी लावतील आणि रोग्याला आडवं करतील. त्या वायूला इतकी सोयीची माणसं जगात दुसरी मिळायची नाहीत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तो स्वतः हुंगून पाहिला आणि खाणीत कॅनरी पक्षी न्यायला सांगितलं. ब्रिटनच्या खाणींत हे पक्षी 1986 पर्यंत नोकरीला होते. हॉल्डेनचे चिरंजीव जे. बी. एस. पुढे भारताचे नागरिक झाले. त्यांना कुणी आवळासुपारी दिली असेल का, असा प्रश्न मला उगीचच पडतो.

एका मुक्कामी बाहेर कोळशावर वांगं भाजत होतं आणि पावसाची सर आली. सौ. शेगडीसकट दारात हजर.

"आई, आत नाही!" मुलगा ओरडला.

"अरे, धूर कुठाय? निखारे बघ कसे छान फुललेत."

गोम तिथेच होती. धूर संपला म्हणून तो वायू संपत नाही. लालबुंद निखारा तो सोडतच असतो आणि विझत आला तरी सोडत राहतो. मुलाने हे समजावलं. सौ.ने शेगडीवर वाकून दोनदा हुंगलं. वांग्यापलीकडे काही वास येईना. आपल्या नाकाला न जुमानणारी वस्तू अस्तित्वात आहे, हा तिने व्यक्तिगत अपमान मानला, पण शेगडी मागे फिरली.

भरीत बाहेरच झालं. माझ्या एका हातात तिच्यावर धरलेली छत्री, दुसऱ्या हातात दाराजवळचं लाल अग्निशामक नळकांडं. वेळ जावा म्हणून त्यावरच्या सूचना मी मोठ्याने वाचू लागलो. पिन ओढा. तोंड आगीच्या बुडाशी धरा. मूठ दाबा. मग केर काढल्यासारखं या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवा.

"द्या ते इकडे," सौ. म्हणाली. "जन्मात कधी केर काढलाय का तुम्ही?"