सरकारमान्य प्रार्थना

परमेश्वराचा एखाद्या राष्ट्रावर विशेष लोभ असतो, ही समजूत ख्रिस्ती जगात जितकी जुनी तितकीच सोयीची आहे, आणि त्या सोयीची तपासणी करण्यास जबलपूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. कारण १८ सप्टेंबर १८५७ रोजी या शहरात एका प्रार्थनेपायी दोन माणसांना तोफेच्या तोंडी देण्यात आले आणि त्यानंतर एकोणीसच दिवसांनी, जवळपास त्याच आशयाची प्रार्थना इंग्लंडमध्ये राणीच्या जाहीरनाम्यानुसार, कामधंदा बंद ठेवून, देशभर करण्यात आली.

पहिल्या प्रार्थनेचे कर्ते राजा शंकरशाह हे गढा-मंडल्याच्या राजगोंड घराण्याचे वंशज होते. हे राज्य इंग्रजांनी नव्हे, तर सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये बुडवले होते, याची मराठी वाचकाने जाता जाता नोंद घ्यावी. पुढे तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला. जबलपूरजवळच्या पुरवा गावी राहणाऱ्या या वृद्ध राजाने ५२ व्या देशी पलटणीतील शिपायांशी संधान बांधल्याचा संशय आल्यावर फकिराच्या वेशात हेर पाठवण्यात आला, घराची झडती झाली, आणि राजाचा रोजच्या वापरातला पंखा ज्या रेशमी पिशवीत असे, तिच्यातून एक कागद निघाला. त्यावर देवीची आळवणी होती: चहाडखोरांचे तोंड बंद कर, पाप्यांना तुडव, इंग्रजांचा निःपात कर, भक्ताचे रक्षण कर. मीरतच्या उठावानंतर सरकारने काढलेल्या जाहीरनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर ती लिहिली होती. सरकारी कागदाचा इतका भाविक उपयोग त्यानंतर क्वचितच झाला असेल. कमिशनर अर्स्किन यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, डेप्युटी कमिशनर आणि दोन लष्करी अधिकारी यांचे कमिशन बसले, आणि राजा व त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना तोफांना बांधून उडवण्यात आले. त्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून निघून गेली.

आता या पुराव्याची तुलना इंग्लंडच्या राष्ट्रगीताशी करणे अभ्यासकाला भाग आहे. त्या गीताच्या दुसऱ्या कडव्यात देवाला विनंती आहे, ती अशी की त्याने राजाच्या शत्रूंची दाणादाण उडवावी, त्यांचे राजकारण उधळून लावावे आणि त्यांचे कपटी डाव फसवावेत. देवीने करावयाच्या कामांची यादी आणि या देवाने करावयाच्या कामांची यादी शेजारी शेजारी ठेवली, तर फरक एवढाच उरतो की एक यादी बँडवर वाजवली जाई आणि ती सुरू होताच सभ्य माणसे उठून उभी राहत, तर दुसरी पंख्याच्या पिशवीत सापडली.

दुसरी प्रार्थना ७ ऑक्टोबरची. त्या दिवसाला राष्ट्रीय उपवास, विनम्रता आणि प्रार्थना यांचा दिवस असे नाव होते. राष्ट्रावर संकट आले म्हणजे राष्ट्राने पाप केले असावे, तेव्हा सर्वांनी मिळून ते कबूल करावे आणि शस्त्रांना यश मागावे, अशी त्यामागची कल्पना. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्पर्जन या विख्यात उपदेशकाचे प्रवचन ऐकण्यास २३,६५४ माणसे जमली होती. दिल्ली परत मिळावी म्हणून तळमळणाऱ्या या जनसमुदायाला एक गोष्ट ठाऊक नव्हती, ती म्हणजे दिल्ली सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच इंग्रजांच्या हाती आली होती आणि ती बातमी अद्याप वाटेवर होती. परमेश्वराने मागणीपूर्वीच पुरवठा केल्याचे हे उदाहरण विशेष लोभाचा पुरावा म्हणून सहज खपले असते. टपालाचा वेग हा त्यातला खरा चमत्कार होता, असे म्हणणारा नास्तिक ठरला असता.

या समजुतीचे खरे सामर्थ्य मात्र विजयात नसून पराभवात आहे. राष्ट्र जिंकले तर देव त्याच्या बाजूला आहे हे उघडच ठरते, आणि हरले तर देव आपल्या लाडक्या लेकराला शिस्त लावत आहे असे ठरते. म्हणजे लोभ कायम राहतो, केवळ छडीची भर पडते. त्या दिवशीच्या प्रवचनांत कोणी अफूच्या व्यापाराकडे आणि कंपनीच्या हावरटपणाकडे बोट दाखवले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला साजेसेच होते. परंतु हिंदुस्थानाला ख्रिस्ती करण्यात कंपनीने हयगय केली हेच मुख्य पाप, असा निदानाचा सूर पुष्कळ व्यासपीठांवरून निघाला. उलट मिशनऱ्यांच्या अतिउत्साहामुळेच शिपाई बिथरले, असे अनेक जुने कंपनी अधिकारी मानत. त्याच वर्षी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्मोपदेशक विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते, त्यामुळे धर्मप्रसार कमी झाला की जास्त, याचे उत्तर त्यांना विचारले असते तर ते अधिक नेमके मिळाले असते. इंग्रज लोक हेच बायबलातील इस्राएलाच्या हरवलेल्या वंशांचे वारस, असा सिद्धान्त मांडणारा एक पंथही त्या शतकात निघाला, आणि लोभाचा प्रश्न त्याने वारसाहक्काने सोडवून टाकला.

या सर्व मंडळींची खरी अडचण त्यांच्याच ग्रंथात होती. स्पर्जन यांनी त्या दिवशी प्रवचनासाठी मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकातील, छडीचा आवाज ऐका अशा अर्थाचे वचन निवडले. त्यांनी तेच बायबल काही पानेच मागे चाळले असते, तर आमोस संदेष्ट्याची गाठ पडली असती. तेथे परमेश्वर इस्राएलाला विचारतो की तुम्ही मला कूशी लोकांसारखेच नाही काय, आणि पुढे सांगतो की मी तुम्हाला मिसरातून आणले तसेच पलिष्ट्यांना आणि अराम्यांनाही त्यांच्या त्यांच्या ठिकाणाहून आणले. निवडलेल्या राष्ट्राला निवडणारा स्वतःच इतका स्पष्ट बोलतो, हे राष्ट्रीय उपवासाच्या दिवशी गैरसोयीचे ठरले असते.

राष्ट्र आणि देव यांच्या या नातेसंबंधाचा हिशेब नंतर जबलपुरातील ख्रिस्ती माणसाच्या नावे मांडला गेला. एप्रिल १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती, निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. दोनच महिन्यांनी, यांतल्या अनेक मिशनऱ्यांची मायभूमी असलेल्या अमेरिकेने आपल्या निष्ठेच्या शपथेत देवाचे नाव घातले. १९५६ मध्ये नियोगी समितीने धर्मांतर हेच मुख्य उद्दिष्ट असलेल्या परदेशी मिशनऱ्यांनी निघून जावे अशी शिफारस केली, आणि त्याच वर्षी अमेरिकेने देवावरील भरवसा हे आपले अधिकृत राष्ट्रीय ब्रीद केले. देव परदेशी राष्ट्राचा आहे, हे मिशनऱ्यांच्या देशबांधवांनी इतक्या वेळा सांगितले होते की समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला, यात समितीचा दोष काढता येत नाही. रविवारी हिंदीत प्रार्थना करणाऱ्या जबलपूरच्या ख्रिस्ती कारकुनाचे म्हणणे मात्र त्यात फारसे ऐकू आले नाही.

पुढे मध्य प्रदेशात १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, ज्यानुसार धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. आत्म्याचे कामकाज जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे सोपवण्याची अर्स्किनकालीन परंपरा अशा रीतीने, झेंडा बदलूनही, अखंड राहिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये जबलपूर येथीलच उच्च न्यायालयाने पूर्वसूचनेचे हे कलम सकृद्दर्शनी घटनाबाह्य मानून त्याखाली कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला, त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. या प्रकरणात परमेश्वराला पक्षकार करण्याची सूचना मात्र अद्याप कोणत्याही बाजूने आलेली नाही.