दाखल्यापुरतं दप्तर

सप्टेंबर 2023 मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या रेकॉर्ड रूमची कुलपं निघाली. खासरा पत्रक, पहाणी पत्रक, कूळ नोंदवही, गाव नमुना 14. एरवी ज्यांना कुणी हात लावत नव्हतं, त्या कागदांवर माणसं तुटून पडली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पणजोबाच्या नावापुढे ‘कुणबी’ हा शब्द सापडला तर पणतूला दाखला. पान कसरीनं खाल्लं असेल तर हात हलवत परत.

मराठा आरक्षणाचा वाद इथे नको. मुद्दा कागदाचा आहे. ज्याच्या घरी ना वाडा, ना सनद, त्याच्या खापरपणजोबाची खूण सरकारी बस्त्यातच उरते. तो बस्ता सांभाळणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

हिंगोलीचं दुखणं तर आणखी जुनं. 1948 पर्यंत निजाम, 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र आणि 1 मे 1999 ला परभणीतून निघून वेगळा जिल्हा. दर वेळी कारभार बदलला. म्हणून सेनगावच्या शेतकऱ्याच्या घराण्याचा माग तहसिलीतून परभणीला, तिथून छत्रपती संभाजीनगरला, पार हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारापर्यंत जाऊ शकतो. शिंदे समितीलाही हैदराबादची वाट धरावी लागलीच. एकट्या शेतकऱ्यानं ती कशी धरायची?

‘सगळं स्कॅन झालंय’ हे उत्तर मला पुरत नाही. गाव, वर्ष, कागदाचा प्रकार, लिपी अशी सूची नसेल तर स्कॅन केलेलं पानही हरवल्यातच जमा. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ कागद रद्दीत जाता कामा नये. पुसट शाई पुन्हा वाचायची वेळ आली की मूळच लागतं.

हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव. पाचही तालुक्यांतल्या गावागावाची यादी लावा: कोणत्या सालचं काय आहे, काय गहाळ आहे. गहाळ असेल तर ‘गहाळ’ असंच लिहा, लोकांना चकरा मारायला लावू नका. मोडी आणि उर्दू वाचणारे आंदोलनापुरते नकोत, कायम पगारावर घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम 2005 चा आहे; त्यात अभिलेख अधिकारी नेमायला सांगितलंय. आपल्या कार्यालयात तो कोण, हे प्रत्येक साहेबानं दारावरच्या फलकावर लिहावं.