मीटर किती?

अण्णांना काहीही विचारावं, फक्त ‘कधी’ विचारू नये. थोरलीचं लग्न कधी झालं? ‘एक लाख ब्याऐंशी हजारला. क्लच प्लेट टाकली त्याच आठवड्यात.’ वडील कधी गेले? ‘दोन लाख चाळीसला. पुढच्या हबांचं ग्रीसिंग राहिलं होतं, ते तेराव्यानंतर केलं.’ नातू दोन लाख नव्वदचा. सांगलीहून वाशी मार्केटला हळद नेणारी दहा चाकी गाडी अण्णांच्या मालकीची की अण्णा गाडीच्या, हे घरच्यांनाही ठरवता आलेलं नाही.

असे एक गृहस्थ तुमच्याही आळीत असणार. त्यांच्याकडे ट्रकऐवजी स्कूटर असेल, नाहीतर विहिरीवरची मोटार. वही मात्र असणारच. अण्णांची वही लाल कापडी बांधणीची. रकाने : तारीख, मीटर, काम, पार्ट, मजुरी आणि शेवटचा ‘कोण हजर होतं’. या शेवटच्या रकान्यानं आळीचा घात केला आहे. मागची लायनर बदलताना मी गॅरेजसमोरून जात होतो, एवढ्यावर माझं नाव चढलं. आता खंबाटकी उतरताना ब्रेक जरा करकरला की अण्णांचा मला फोन येतो, ‘तुम्ही होता ना हो तेव्हा?’

टायरांना प्रत्येकी वेगळं पान. यात तथ्य आहे, कारण ट्रकचा टायर जागा बदलत राहतो : नवा असताना पुढं, झिजला की मागं जोडीत, मग रिसोल, शेवटी स्टेपनी. त्याच्या अंगावर जन्मही कोरलेला असतो. चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दहाही टायरांचे आठवडे अण्णांना तोंडपाठ आहेत. बायकोचा वाढदिवस मात्र ‘ऑइल बदलायच्या सुमारास’ येतो.

मुलानं मोबाइलमध्ये नोंदी ठेवायचं ॲप घालून दिलं. अण्णांनी ते कौतुकानं पाहिलं आणि वहीत लिहिलं : ‘मीटर ३,९६,२००. ॲप टाकले. मजुरी नाही.’ शेजारचे मास्तर अचानक गेले, तेव्हा स्मशानातून परतताना अण्णा हळूच म्हणाले, ‘बहात्तर म्हणजे काही फार मीटर नव्हतं. पण सर्व्हिसिंग कधी केलीच नाही माणसानं.’

वही मी पहिल्यांदा नीट वाचली ती निव्वळ कंटाळून. आठ वर्षांपर्यंत ट्रकला दोन वर्षांनी फिटनेस, त्यापुढं दरवर्षी. अण्णांच्या गाडीचं दरवर्षीचं सुरू झालं होतं आणि पासिंगच्या रांगेत सोबत म्हणून मला धरून नेलं होतं. मागच्या पानांवर मथळा होता, ‘ड्रायव्हर’. रकाने तेच. ‘३,१४,०००. डोळे तपासले. चष्मा नवीन.’ ‘३,३०,५००. दाढ काढली. दोन दिवस गाडी उभी.’ ‘३,५१,०००. मुलीची बारावीची फी.’ हजर कोण होतं, तो रकाना इथं कोरा. आमच्याकडे बहुतेक मालक ड्रायव्हरला फॅनबेल्टसारखा धरतात, तुटला की दुसरा. अण्णांनी त्याला इंजिनाच्या रांगेत बसवला होता. या माणसाबद्दल इतकं चांगलं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण लिहितो.

पुढं गाडी विकायला काढली. अण्णांनी मोठ्या अभिमानानं वही दलालापुढं ठेवली. दलालानं ती चाळली आणि भाव पाडला. ‘एवढी कामं निघालेली गाडी?’ शेजारी तेवढ्याच वयाचा दुसरा ट्रक उभा होता. त्याची एकही दुरुस्ती कुठं लिहिलेली नव्हती, म्हणून तो ‘टिपटॉप’ ठरला आणि चढ्या भावानं गेला. वही तरी गाडीसोबत द्या, म्हणून अण्णा गयावया करत होते. ‘ठेवा तुमच्याकडंच,’ दलाल म्हणाला, ‘गिऱ्हाईक बिचकतं.’

काही दिवसांनी अड्ड्यावर गाडी दिसली. धुऊनपुसून, नवा रंग मारून उभी. अण्णा सवयीनं केबिनमध्ये डोकावले. चार लाखांच्या पुढं गेलेलं मीटर एक लाख ऐंशी हजारवर आलं होतं. लबाडी, फसवणूक असं काहीतरी ते ओरडतील म्हणून मी त्यांचा दंड धरला. अण्णा आकड्याकडं बघतच राहिले.

‘एक लाख ऐंशी,’ ते म्हणाले. ‘म्हणजे थोरली अजून घरात आहे. बाबा आहेत.’

ती गाडी आता ज्यांच्याकडं असेल त्यांना कळवतो : मीटर काहीही दाखवो, क्राऊनचं ऑइल बदलायला झालं आहे, आणि मागचा डावा आतला टायर दुसऱ्यांदा रिसोल केलेला आहे. वही अण्णांकडं आहे, केव्हाही या. चहा मिळेल, मात्र हजर म्हणून नाव चढेल.