नावं लिहा, मामा!

नेटवर्क मार्केटिंगला भांडवल लागत नाही, असं सांगतात. साफ खोटं. नातेवाईक लागतात. त्या हिशेबानं आमचं सावदा म्हणजे कुबेराची नगरी. इथला प्रत्येक पाटील कुठल्या ना कुठल्या चौधरींचा जावई असतो.

परवा भाचा कोरी वही घेऊन आला. "मामा, शंभर नावं लिहा. हा घेईल, तो नाही घेणार, असं डोकं लावायचं नाही." वहीत तीन रकाने: जवळचे, ओळखीचे, अनोळखी. तिसरा रकाना सावद्यात भरायचा कसा? स्टेशनावर एखाद्याला अनोळखी समजून नाव विचारावं, तर तो फैजपूरच्या मावशीचा दीर निघतो.

बायकोनं थोरलीच्या लग्नातली आहेराची वही पुढ्यात टाकली. "घ्या, आयती यादी!" भाचा हरखला. पण पहिलं नाव चुलतभावाचं. बांधावरून बोलणं बंद. दुसऱ्यानं गेल्या दिवाळीला मलाच याच धंद्यातली टूथपेस्ट गळ्यात मारलेली. तिसरे व्याही. त्यांना साबण विकायला गेलो, तर पोरीनं सासरी कुठल्या तोंडानं नांदायचं?

"तुम्ही फक्त सहा जण जोडा, ते सहा-सहा जोडतील," भाचा म्हणाला. मी पेन्सिल घेतली. सहा, छत्तीस, दोनशे सोळा... सहाव्या पायरीला ४६,६५६. सावद्याची वस्ती वीस हजारांच्या आसपास. म्हणजे तान्ही बाळंसुद्धा धरली तरी गाव सहाव्या पायरीतच संपलं. अकराव्या पायरीला ३६ कोटी. २०११च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा होता.

"मामा, तुम्ही निगेटिव्ह आहात," भाचा म्हणाला.

मी नाही, केळी निगेटिव्ह आहे. बुंध्याशी पिलं फुटतात, ती वेळच्या वेळी कापावी लागतात. पिलबागेसाठी, म्हणजे पुढच्या पिकासाठी, एखादंच राखायचं. सगळीच वाढू दिली तर घड भरत नाही. हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं, पण टाय बांधून जळगावच्या हॉटेलात सेमिनारला बसलं की विसरतं.

कायद्यालाही ते कळलंय. पैसे फिरवणाऱ्या साखळी योजनांवर १९७८ पासून बंदी आहे, आणि २०२१च्या नियमांनी थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड चालवायलाही मनाई केली. माल विकून कमवा. माणसं भरती करून नाही.

तेव्हा कुणी शंभर नावं लिहायला सांगितली, तर जरूर लिहा. पहिलं नाव त्याचंच लिहा आणि त्यालाच काहीतरी विकून दाखवा. दुसऱ्या नावापर्यंत जायची वेळ येणार नाही.