पावती : ‘ओके भाऊ’

औरंगाबाद शहराचं नाव बदलण्याची घोषणा झाली १९८८ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या सभेत. केंद्राचा होकार आला २०२३ मध्ये. पस्तीस वर्षं! इथल्या गुलमंडीतल्या एखाद्या दहावीच्या पोराचा स्विच गेम-कन्सोल मात्र जपानची निन्टेंडो रातोरात वाळीत टाकू शकते.

मुळात निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्रीच नाही. यंत्र येतं कुणाच्या तरी दुबईच्या बॅगेतून, नाहीतर आयात करणाऱ्या दुकानदाराकडून. वॉरंटी म्हणजे त्याचा शब्द. थोडक्यात, पोरगं पहिल्या दिवसापासूनच आगंतुक गिऱ्हाईक.

जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आला आणि महिना उलटायच्या आत ‘मिग स्विच’ हे नकली कार्ट्रिज लावणाऱ्यांची ऑनलाइन सेवा बंद होऊ लागली. बंदी खात्यावर नव्हे, थेट यंत्रावर. म्हणजे आई, बाबा, आजी अशा सगळ्यांच्या नावाने खाती उघडली तरी उपयोग शून्य. शिवाय जुना गेम स्वस्तात घेणारा सज्जनही यात सापडतो: आधीच्या मालकाने नक्कल काढून ठेवलेली असली की एकच ओळखक्रमांक दोन ठिकाणी झळकतो, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी.

युबिसॉफ्ट या गेम कंपनीने जानेवारी २०१५ मध्ये ‘फार क्राय ४’ या गेमच्या कीज अशाच रद्द केल्या होत्या. त्या चोरीच्या क्रेडिट कार्डांवर घेऊन स्वस्तात विकल्या गेल्या होत्या. ओरड झाल्यावर, खेळ आधीच सुरू केलेल्यांना कंपनीने त्या परत दिल्या.

निन्टेंडोकडे दाद मागायची तर खरेदीचा पुरावा हवा. पोराकडे आहे तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा ‘ओके भाऊ’.