फॅट पस्तीस

माझी भाची दहावीची परीक्षा देऊन महिनाभर पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जात होती. बारा-चौदा माणसांची कंपनी, दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. घरी नातेवाइकांचे तिला दोनच प्रश्न: पैसे किती देतात, आणि सर्टिफिकेट मिळणार का? रोज तिथे करतेस काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून मी विचारलं.

तिला टेस्टिंगला बसवलं होतं. शेतकरी कॅन घेऊन केंद्रावर येतो, दुधाचा नमुना यंत्राला लावतात, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, कळतं, त्यावरून दरपत्रकातला भाव लागतो आणि चिठ्ठी छापून हातात पडते. यंत्राची वायर सैल झाली की केंद्रावरचा माणूस हेच आकडे हाताने टाकतो. हाताने टाकायची ती स्क्रीन हिच्या वाट्याला आली. तिसऱ्या दिवशी तिच्याकडून टिंब राहिलं आणि ३.५ च्या जागी ३५ पडलं. सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. दरपत्रकातली शेवटची ओळ उचलली, सगळ्यात वरचा भाव लावला, चिठ्ठी तयार. गायीच्या दुधाला पस्तीस फॅट!

तिने धावत जाऊन सीनियर मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून दे." तिने लिहिलं, 'फॅट चुकीचं घेतंय.' कागद लाल पेनाच्या खुणांसह परत आला. कुठल्या स्क्रीनवर? गाय की म्हैस? तू काय टाकलंस, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं? तिने पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. म्हशीच्या दुधाला करून पाहिलंस का? एसएनएफच्या रकान्यात काय होतं? ते करून पाहताना तिला दुसरी चूक सापडली. एसएनएफचा रकाना रिकामा सोडला तर सॉफ्टवेअर तिथे शून्य धरून सगळ्यात खालचा भाव लावत होतं. पहिल्या चुकीत डेअरी बुडते, दुसरीत शेतकरी. तिसऱ्या वेळी मॅडमनी फक्त एक वाक्य खोडलं, चौथ्या वेळी रिपोर्ट पास झाला. चारही कागद तिने फाइलला लावून ठेवलेत. मी ते हातात घेऊन वाचले. पहिला कागद एका ओळीचा आहे. चौथा वाचून केंद्रावरचा कुणीही माणूस ती चूक स्वतः करून बघू शकेल.

माझं ठाम मत आहे की शाळकरी मुलाच्या इंटर्नशिपचा सगळा जीव त्या लाल पेनात असतो. जाणत्या माणसाने पोराचं काम शेवटपर्यंत वाचायचं आणि पुन्हा कर म्हणून परत द्यायचं. बाकी ओळखपत्र, टी-शर्ट, शेवटच्या दिवशीचा ग्रुप फोटो मुलाच्या फारसा उपयोगाचा नाही.

१९७३ च्या सुरुवातीची गोष्ट घ्या. सतरा वर्षांचा बिल गेट्स सिएटलच्या लेकसाइड शाळेत शेवटच्या वर्षाला होता. शाळेची रजा घेऊन तो टीआरडब्ल्यू कंपनीत कामाला गेला, मित्र पॉल ॲलनही सोबत होता. काम होतं बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनचं, म्हणजे कोलंबिया नदीच्या खोऱ्यातल्या धरणांची वीज वाटणाऱ्या यंत्रणेचं. तिथे जॉन नॉर्टन नावाचे एक मुरलेले प्रोग्रॅमर होते. ते या पोराचा कोड ओळ न ओळ वाचत आणि कुठे चुकलं, कुठे याहून चांगलं करता आलं असतं ते दाखवत. गेट्सने पुढे अनेकदा त्यांचं नाव कृतज्ञतेने घेतलं. एवढ्या हुशार मुलालाही त्याचा कोड वाचणारा माणूस लागला. आपल्याकडच्या मुलांना तो लागणार नाही असं कसं धरून चालायचं?

आपण मुलांना देतो काय? दहावीचा शेवटचा पेपर होतो न होतो तोच अकरावीची बॅच सुरू. पुढची दोन वर्षं कॉलेज नावाला, बाकी सगळा क्लास. मग कुणीतरी सांगतं की परदेशी ॲडमिशनला इंटर्नशिप लागते, आणि आईबाप फी भरून इंटर्नशिप विकत आणतात. चार व्हिडिओ बघायचे, एक प्रश्नमंजूषा सोडवायची, सर्टिफिकेट मेलवर. हा धंदा बंद पडला पाहिजे. मुलाचं एक अक्षरही न वाचता त्याला 'इंटर्न' म्हणून शिक्का मारून देणं ही फसवणूक आहे आणि पालक ती उघड्या डोळ्यांनी करून घेत आहेत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाकडे अशी तीन सर्टिफिकेटं आहेत. त्यातल्या एकाही कंपनीतल्या माणसाशी तो बोललेला नाही.

धोरणात सगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीत दहा दिवस बिनदप्तराचे सांगितलेत, सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकण्यासाठी. बारावीपर्यंत, अगदी सुट्टीतही, अशा संधी देता येतील असंही त्यात आहे. आणि महाराष्ट्राने यासाठी दिल्लीकडे बघायचं कारणच नाही. हातांनी काम करत शिकायची नई तालीम १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यातच मांडली गेली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली पोरं तिथे वेल्डिंग, वायरिंग, शेती, बांधकाम करता करता विज्ञान शिकली. तेही गावाच्या खऱ्या गरजेचं काम करून. पाबळहून आयटी कंपन्यांचं हिंजवडी काही लांब नाही, पण पाबळची ती रीत हिंजवडीच्या गेटातून आत गेलेली मला दिसत नाही.

कंपन्यांचं उत्तर मला माहीत आहे. गुपितं असतात, ग्राहकांचा डेटा असतो, शाळकरी पोरांना आत कसं घ्यायचं? माझ्या भाचीला खोट्या नावांचे पन्नास शेतकरी तयार करून दिले होते, ती त्यांच्यावरच काम करत होती. खरं कारण दुसरं आहे. पोराचा कागद चार वेळा वाचायला माणूस द्यावा लागतो आणि त्याचे तास कुठल्याच बिलात लावता येत नाहीत.

एक गोष्ट मात्र मला बोचते. माझ्या भाचीला ही जागा ओळखीने मिळाली, तिच्या बाबांचा मित्र त्या कंपनीत आहे. गेट्सलाही पहिली संधी तो त्या शाळेत होता म्हणूनच मिळाली. लेकसाइडमधल्या आयांनी जुन्या वस्तूंची विक्री केली आणि त्या पैशातून १९६८ मध्ये शाळेत दूरच्या संगणकाला जोडलेला टेलिटाइप आला. त्या वेळी किती शाळांतल्या मुलांनी संगणकाला हात लावला असेल? ज्याच्या घरचं कुणी आत आहे त्याच्याच मुलाला आत घ्यायचं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यात कंपनीचंही नुकसान आहे. माझ्या भाचीला पस्तीस हा आकडा चुकलाय हे चिठ्ठीवरची रक्कम पाहून कळलं. फॅट किती असतं हे तिला मुळात माहीतच नव्हतं. दूध घालणाऱ्या घरातल्या पोराला ते बघताक्षणी कळलं असतं.

मे महिन्यात ती आजोळी गेली तेव्हा मामाबरोबर मुद्दाम गावातल्या दूध केंद्रावर जाऊन उभी राहिली. रांगेत तिच्याच वयाचा एक मुलगा कॅन घेऊन उभा होता. त्याच्या दुधाचे आकडे यंत्रावर आले आणि चिठ्ठी निघायच्या आधीच तो म्हणाला, "दादा, एसएनएफ कमी लागला, नमुना ढवळून परत लावा." परत लावला. आकडा बदलला. तो चिठ्ठी घेऊन, कॅन सायकलला अडकवून गेला. भाचीने रात्री मला फोन केला. "मावशी, मला ते शोधायला चार दिवस लागले," म्हणाली. "तो नववीत आहे. मी मॅडमना त्याचं नाव सांगू का?"

सांग, म्हटलं. आजच सांग.