पावती मागणारी बायको

पुण्यात जुना फ्लॅट घेताना लोक नळ सोडून पाहतात, भिंतींवर टकटक करतात, वास्तुवाल्याला आणून संडासाची दिशाही तपासतात. घरपट्टीची पावती मात्र कुणी मागत नाही. मागणं बरं दिसत नाही म्हणे!

आम्ही घेत होतो त्या फ्लॅटचे मालक दिलदार गृहस्थ. ‘पडदे राहू द्या, गीझर राहू द्या, देव्हारासुद्धा तुमचाच,’ असं म्हणत एकेक वस्तू आमच्या पदरात टाकत होते. विसार द्यायची वेळ आली आणि हिने विचारलं, ‘घरपट्टी, लाइटबिल, मेंटेनन्सच्या पावत्या दाखवता का?’

‘वहिनी, विश्वास नाही का आमच्यावर?’

‘आहे ना! म्हणून तर वाटलं, लगेच काढून दाखवाल.’

पावत्या काही निघाल्या नाहीत. आम्ही सोसायटीच्या ऑफिसात, म्हणजे जिन्याखाली पंपाशेजारी, गेलो. सेक्रेटरीकाकांनी बोटाला थुंकी लावून वहीची पानं उलटली आणि जुन्या थकबाकीच्या, लाल शाईतल्या एका ओळीवर बोट टेकवलं.

‘काका, पण तेव्हा आम्ही इथे नव्हतो,’ मी म्हणालो.

‘फ्लॅट इथेच होता ना?’

या युक्तिवादाला उत्तर नाही. 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा म्हणतो, वेगळं काही ठरलं नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी विकणाऱ्यानेच भरायची. ऐकायला गोड! पण घरपट्टीचा बोजा माणसावर नसतो, मिळकतीवर असतो. विकणारा मुलाकडे बंगळुरूला निघून जातो. नोटीस दारावर लागते आणि दार आता आपलं असतं. वर पुण्यात थकलेल्या घरपट्टीवर दरमहा 2 टक्के शास्ती. विजेचंही तेच. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगून टाकलं की, नियमांत तरतूद असेल तर जुनी थकबाकी भरल्याशिवाय नव्या मालकाला जोडणी नाकारता येते.

शेवटी सगळी थकबाकी किमतीतून वजा झाली आणि साठेखतात तसं कलम पडलं. त्या दिवसापासून मालकांचं ‘वहिनी’ बंद होऊन ‘मॅडम’ सुरू झालं. जाताना ते देव्हाराही घेऊन गेले.

तेव्हा विसार देण्याआधी पावत्या मागा, सोसायटीचं ‘नो ड्यूज’ हातात घ्या आणि मगच सही करा. संबंध बिघडले तर बिघडू द्या. घर विकून गेलेल्या माणसाशी संबंध ठेवून करायचंय काय?